टपावरचा पाण्याचा पाइप : वाचकांच्या शंका

गाडी घेऊन बाहेर मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी टपावर बसवायचा पाण्याचा पाइप हे घरी करता येण्यासारखे सोपे काम आहे. दोन्ही तोंडे बंद केलेला जाड पीव्हीसी पाइप, त्याला एक तोटी, वरून काळा रंग. दिवसभर उन्हात पाणी तापते आणि संध्याकाळी हातपाय धुवायला, भांडी विसळायला किंवा झटपट आंघोळीला उपयोगी पडते. याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक तक्रारी पाण्याच्या वाटत असल्या, तरी खोलात गेल्यावर त्या हवेच्या निघतात, हे उत्तरे वाचताना लक्षात येईल.

प्रश्न : पाइप किती जाडीचा आणि किती लांबीचा घ्यावा? नेमके काय काय लागेल?

११० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, ३ मिलिमीटरच्या आसपास भिंत असलेला पाइप घ्या. त्यात मीटरमागे सुमारे साडेआठ लिटर पाणी मावते, म्हणजे दीड मीटरच्या तुकड्यात साडेबारा लिटरच्या घरात. रिकामा पाइप जोडांसकट तीन-साडेतीन किलोचा भरतो, पाण्यासह सोळा किलो धरा. दोन माणसांच्या काटकसरीच्या आंघोळीला एवढे पाणी पुरते.

मोठा, १६० मिलिमीटरचा पाइप घेण्याचा मोह होतो. त्यात पाणी दुपटीहून जास्त मावते, पण उन्हाला सामोरे जाणारे अंग जेमतेम दीडपट होते. त्यामुळे पाणी तापायला जास्त वेळ लागतो आणि दीड मीटरलाच टपावर तीस किलोंहून अधिक ओझे येते. जास्त पाणी हवेच असेल, तर ११० मिलिमीटरचे दोन पाइप शेजारी शेजारी टाका.

बाकीचे सामान असे : पुढच्या टोकाला एक साधी एंड कॅप. मागच्या टोकाला ९० अंशांचा बेंड, त्याचे तोंड वर, आणि त्यावर रबरी रिंग असलेले आट्यांचे झाकण. पाणी इथूनच भरायचे, शिवाय आतून घासायला ब्रशही याच तोंडातून जातो. तोटीसाठी ११० मिलिमीटर पाइपवर बसणारी, पाऊण इंची आट्यांची सॅडल, म्हणजे पाइपभोवती बोल्टने आवळायचा जोड. पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह (हीच तोटी), त्याला जोडणारा एल्बो आणि नळीचा निपल. १२ मिलिमीटर आतील व्यासाची दोन मीटर लवचीक नळी, होज क्लिपा, सॉल्व्हेंट सिमेंटचा लहान डबा, टेफ्लॉन टेप, ८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, काळा मॅट रंग.

जोड घेताना एक पाहा. सांडपाण्याच्या पाइपांचे काही जोड नुसत्या रबरी रिंगवर बसतात, त्यांना सिमेंट लागत नाही. ते इथे नकोत. गाडीच्या हादऱ्यांनी ते हळूहळू मागे सरकतात आणि एखाद्या वळणावर कॅप निघून येते. सिमेंटने चिकटणारेच जोड घ्या.

प्रश्न : तोटी एंड कॅपलाच का लावू नये? सॅडल कशाला?

लावता येते, पण पाणी तळाशी अडकते. कॅपला भोक पाडून टाकीचा निपल (नट आणि वॉशरने आवळायचा जोड) बसवायचा, तर त्याच्या वॉशरला सपाट जागा लागते. म्हणून भोक कडेपासून निदान दोन सेंटिमीटर वर घ्यावे लागते आणि दीड मीटरच्या पाइपात बरेच पाणी कधीच बाहेर येत नाही. हेच साचलेले पाणी पुढे वास मारते.

काही जण टाकीचा निपल थेट पाइपच्या पोटाला लावतात. ते तर मुळीच टिकत नाही, कारण वॉशर सपाट आणि पाइप गोल. नट कितीही आवळला तरी दोन बाजूंनी फट राहतेच. सॅडलची घडण पाइपच्या गोलाईला धरून असते आणि तिची रबरी रिंग सगळीकडून सारखी दाबली जाते.

सॅडल पाइपच्या अगदी तळाला, मागच्या बेंडपासून पंधरा सेंटिमीटर पुढे बसवा. आधी सॅडल ठेवून भोकाची खूण करा, मग ती काढून १८ मिलिमीटरच्या होलसॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) भोक पाडा. भोक रबरी रिंगच्या आतच राहिले पाहिजे. कडेचे बुरे पॉलिश पेपरने साफ करा, नाहीतर रिंग कापली जाते. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी पूर्ण आवळली, तर सॅडल तिरपी बसते.

पाइप आणि टप यांच्यात सॅडल व एल्बोसाठी नऊ-दहा सेंटिमीटर जागा लागते. तेवढी नसेल, तर सॅडल बाहेरच्या बाजूला थोडी फिरवून घ्या. थोडे पाणी तळाशी राहील, ते पाइप काढून ओतावे लागेल.

प्रश्न : सांगितल्याप्रमाणे सिमेंट लावले, तरी एंड कॅपमधून थेंब थेंब पाणी येते. वरून आणखी सिमेंट लावू का?

वरून लावलेल्या सिमेंटने गळती थांबत नाही. सॉल्व्हेंट सिमेंट हा डिंक नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवते आणि ते एकमेकांत मिसळून एक होतात. बाहेरच्या फटीवर लावलेला थर आतल्या ओलसर जोडापर्यंत पोहोचतच नाही, सुकल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो.

गळण्याची कारणे बहुधा तीन. पाइप तिरका कापला गेला, म्हणून एका बाजूने कॅपमध्ये पुरेसा शिरला नाही. किंवा कापल्यावर कड घासली नाही आणि त्या धारदार कडेने आत जाताना सिमेंट खरवडून पुढे ढकलले. तिसरे कारण सहसा ध्यानात येत नाही : पाइपची दुसरी सगळी तोंडे बंद असताना शेवटची कॅप ठोकली, तर आत कोंडलेली हवा तिला मागे रेटते. कॅप अर्धा मिलिमीटर जरी मागे सरकली, तरी ओल्या सिमेंटमध्ये वाट पडते. म्हणून झाकण किंवा सॅडलचे भोक उघडे ठेवूनच कॅप लावायची.

योग्य रीत अशी. पाइपला कागद गुंडाळून त्याच्या कडेने खूण करा आणि त्या खुणेवर काटकोनात कापा. बाहेरची कड कानसने थोडी तिरपी करा. पाइपचे टोक आणि कॅपची आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून कोरड्या फडक्याने पुसा. सिमेंटशिवाय बसवून कॅप किती आत जाते त्याची पेन्सिलने खूण करा. आता दोन्ही पृष्ठभागांवर सिमेंटचा सारखा थर द्या, लगेच कॅप आत घाला, घालताना पाव वळसा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर आलेले सिमेंट पुसून टाका. चोवीस तास पाणी घालू नका.

तुमच्या बाबतीत कॅपच्या मागे पाइप कापून नवी कॅप लावणे हाच उपाय आहे. लांबी दहाएक सेंटिमीटरने घटेल, एवढेच.

टपावर चढवण्याआधी चाचणी घ्या. कॅपचे टोक खाली करून पाइप उभा ठेवा आणि पाण्याने भरा. आडव्या पाइपात जोडावर जेमतेम दहा सेंटिमीटर पाणी उभे असते, उभ्या पाइपात दीड मीटर, म्हणजे दाब पंधरापट. जोडाला वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून तासभर थांबा. कागद कोरडा राहिला, तर जोड पक्का.

प्रश्न : व्हॉल्व्हच्या आट्यांतून पाणी झिरपते. आट्यांतही सॉल्व्हेंट सिमेंट चालेल का?

नाही. आटे मऊ होतात आणि व्हॉल्व्ह पुन्हा कधीच सुटत नाही. टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे आटे आवळण्याच्या दिशेनेच घाला, उलटे घातले तर बसवताना टेप गोळा होते. हाताने घट्ट, मग पान्याने एक वळसा. त्यापुढे जोर लावला, तर बाहेरचा प्लॅस्टिक जोड उभा चिरतो. अशी चीर पडल्यावर माणूस आणखी आवळतो आणि ती आणखी वाढते.

प्रश्न : तोटी उघडली की आधी जोरात धार येते, मग घशात अडकल्यासारखे गुळगुळ करत तुटक पाणी येते. नळी बदलली, तरी तेच.

नळीचा दोष नाही. पाणी बाहेर गेले, की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. झाकण घट्ट असेल, तर आत पोकळी तयार होते आणि ती पाणी ओढून धरते. मग हवा तोटीतूनच वर घुसते आणि पाणी थांबून थांबून येते. झाकण एक वळसा सैल करा, धार सरळ होईल.

झाकणाला भोक पाडून ठेवावे, असे काहींना वाटते. पण ब्रेक मारला की त्यातून पाणी उसळून मागच्या काचेवर येते आणि कच्च्या रस्त्यावर धूळ आत जाते. त्याऐवजी झाकणात रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) बसवून ठिबक सिंचनाची ४ मिलिमीटरची बारीक नळी मीटरभर जोडा. तिची वर एक गुंडाळी करून टोक मागच्या दिशेने खाली ठेवा. गाडी चालू असताना आणि उन्हात उभी असताना आतला दाब या नळीतून निघून जातो. आंघोळीच्या वेळी मात्र तेवढी हवा कमी पडते, तेव्हा झाकण सैल करायलाच हवे.

प्रश्न : पाइप काठोकाठ भरून झाकण घट्ट लावले आणि गाडी दुपारभर उन्हात होती. पुढची कॅप फुगल्यासारखी दिसते. असे होऊ शकते का?

होऊ शकते. हा पाइप लगेच वापरातून काढा.

पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर गेले, की सव्वा टक्क्याने फुगते. साडेबारा लिटरला हे सुमारे १६० मिलिलिटर झाले. पाइपही तापून थोडा वाढतो आणि त्यातला काही भाग सामावून घेतो, पण सगळा नाही. आत मोकळी जागाच नसेल, तर पाणी दाबले जात नाही, दाब झपाट्याने चढतो आणि सगळा भार कॅपवर येतो. त्यातच पीव्हीसी उन्हात मऊ पडलेले असते. साध्या पीव्हीसी पाइपवर छापलेला दाब साधारण खोलीच्या तपमानाचा असतो. साठ अंशांच्या आसपास त्याची ताकद मूळच्या पाव हिश्श्याहूनही कमी राहते.

यासाठी पाइप मागच्या बाजूला दोन सेंटिमीटर उतरता बसवा, म्हणजे टपावरच्या रॅकच्या पुढच्या आडव्या दांड्यावर तेवढ्या जाडीची रबरी पट्टी घाला. मागून भरताना पुढच्या उंच टोकाशी आपोआप अर्धा लिटरहून जास्त हवा अडकून राहते. तोटी मागे असल्याने उतार पाणी निथळायलाही कामी येतो. भरताना बेंडच्या नळकांड्यात पाणी चढू लागले, की थांबा. वर सांगितलेली बारीक नळी नसेल, तर गाडी उभी करताच झाकण सैल करण्याची सवय ठेवा.

प्रश्न : टायरच्या पंपाने पाइपात हवा भरून शॉवरला चांगला जोर आणता येतो, असे दाखवणारे व्हिडिओ पाहिले. व्हॉल्व्ह कुठे बसवावा?

कुठेच बसवू नये. या बाबतीत आमचे उत्तर ठाम नकाराचे आहे.

दोन बार हवा म्हणजे फार नाही असे वाटते, टायरमध्ये याहून जास्तच असते. पण टायर रबर, दोरे आणि तारांचा बनलेला असतो. ११० मिलिमीटर पाइपच्या कॅपवर दोन बार दाबाने आतून पावणेदोनशे किलोंच्या आसपास रेटा येतो. पाण्याच्या दाबाखाली पाइप फुटला, तर एक चीर पडते, थोडे पाणी उडते आणि दाब तत्क्षणी संपतो. दाबलेली हवा मात्र साठवलेली ताकद असते. पाइप फुटला, की ती एकदम प्रसरण पावते आणि पीव्हीसीचे धारदार तुकडे लांबवर फेकते. उन्हाने जुनाट झालेले पीव्हीसी ठिसूळ असते, त्यामुळे तुकडे आणखी जास्त होतात. पाइपवर सहा किंवा दहा किलो दाब छापलेला असला, तरी तो पाण्यासाठी आहे, हवेसाठी नाही. व्हिडिओत पाइप फुटला नाही, याचा अर्थ तो त्या दिवशी फुटला नाही, इतकाच.

जोर हवा असेल, तर दोन सुरक्षित वाटा आहेत. एक, पाइपमधले तापलेले पाणी बादलीत घ्या आणि बादलीत १२ व्होल्टचा लहान बुडता पंप सोडा. दुसरी, बागेत फवारणीसाठी मिळणारा हातपंपाचा डबा वापरा. तो दाबासाठीच बनवलेला असतो आणि त्याला जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो.

प्रश्न : मग नुसत्या उताराने शॉवर चालतो का? घरचा शॉवर लावून पाहिला, त्यातून थेंबच पडतात.

चालतो, पण शॉवरचे तोंड बदलावे लागते. पाण्याची एक मीटर उंची म्हणजे ०.१ बार दाब. गाडीच्या टपापासून खांद्यापर्यंत अर्धा मीटरही उंची मिळत नाही. घरच्या शॉवरची भोके केसासारखी बारीक असतात आणि पुष्कळदा आत पाणी कमी करणारी चकतीही असते. त्याजागी झाडांना पाणी घालायच्या झारीचे तोंड लावा. ते कमी दाबासाठीच असते. सहज मऊ धार येते आणि मिनिटाला दोन-तीन लिटर पाणी पुरते. बसून आंघोळ केली, तर उंची वाढते आणि धारही सुधारते. नळीला मधेच वरच्या बाजूला उंचवटा येऊ देऊ नका, तिथे हवा अडकते.

प्रश्न : पाणी खरेच किती तापते?

दीड मीटर पाइप वरून पडणाऱ्या उन्हाला ०.१६ चौरस मीटर अंग देतो. कडक उन्हात त्यावर १६० वॉटच्या आसपास ऊर्जा पडते. एवढ्यावर साडेबारा लिटर पाणी हिशेबाने तासाला दहा अंश चढायला हवे, पण वाऱ्याने त्यातली निम्मी उष्णता सहज निघून जाते. गाडी उभी, ऊन चांगले आणि वारा कमी असेल, तर तीन-चार तासांत पंधरा-वीस अंशांची वाढ धरावी. धावत्या गाडीवर फार कमी. तेव्हा सकाळच्या प्रवासात पाणी तापेल अशी आशा ठेवू नका. दुपारी मुक्कामी पोहोचून गाडी उन्हात लावली, तर संध्याकाळी पाणी तयार.

रंग मॅट काळाच हवा. पाइप २२० नंबरने घासून, प्लॅस्टिकवर बसणारा प्रायमर देऊन रंगवा, नाहीतर सालपटे निघतात. रंगाने उन्हाची झळ पीव्हीसीला थेट लागत नाही आणि आत उजेड न गेल्याने शेवाळही धरत नाही. मुलांना आंघोळ घालण्याआधी पाणी मनगटावर घेऊन पाहा. नळीत थांबलेले पाणी पाइपातल्यापेक्षा जास्त गरम असू शकते, ते आधी सोडून द्या.

प्रश्न : रॅकला लवचीक हुकाच्या दोऱ्यांनी बांधले तर चालेल?

चालणार नाही. सोळा किलोंचे वजन ब्रेकबरोबर पुढे झेपावते आणि लवचीक दोरी नेमकी तेव्हाच ताणते. प्रत्येक आडव्या दांड्यावर ११० मिलिमीटरचा यू-बोल्ट किंवा रबर लावलेला पाइप क्लॅम्प घ्या, नटला लॉक वॉशर घाला. पाइप पुढे सरकू नये म्हणून मागच्या दांड्याच्या पुढे आणि मागे दांड्याला टेकवून पाइपवर एकेक रुंद स्टीलची क्लिप आवळा. पुढचा क्लॅम्प मात्र किंचित मोकळा असू द्या. पीव्हीसी तापून दीड मीटरला तीन-चार मिलिमीटर लांबते. दोन्हीकडे जखडले, तर पाइप कमान करतो.

दोन दांड्यांत ऐंशी सेंटिमीटरहून जास्त अंतर असेल, तर खाली एक लोखंडी कोन किंवा लाकडी फळी द्या. गरम पाइप मध्ये झोळ धरतो, आणि एकदा झोळ पडला, की पाणी तिथेच साचते.

टपावर किती वजन चालते, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बऱ्याच गाड्यांना ही मर्यादा ५० ते ७५ किलो असते आणि रॅकचे वजनही त्यातच धरायचे. मागचा दरवाजा वर उघडणारा असेल, तर बेंड त्याच्या आड येतो का, ते आधी पाहा. बेंडमुळे गाडीची उंची वाढते, ती मोजून चालकासमोर लिहून ठेवा. तोटी वाहतुकीच्या उलट बाजूला हवी.

प्रश्न : हे पाणी पिता येईल का?

पिण्यासाठी वेगळे पाणी न्या. या पाइपात नव्या जोडांचा सिमेंटचा अंश असतो आणि कोमट, थांबलेल्या पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. पहिल्या वापराआधी तीनदा भरून रिकामा करा. प्रवासाहून आल्यावर पाइप पूर्ण निथळवून झाकण काढून सुकवा. काही दिवस साचलेले पाणी शॉवरसाठीही वापरू नका, त्याचे बारीक तुषार श्वासातून आत जातात. हंगामाच्या सुरुवातीला १२ लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १२ मिलिलिटर घालून अर्धा तास ठेवा, तोटी उघडून नळीतही येऊ द्या, मग दोनदा धुवा. गोठणाऱ्या थंडीत पाइप रिकामाच हवा, बर्फ होताना पाणी नऊ टक्क्यांनी फुगते आणि आधी व्हॉल्व्ह फोडते.

प्रश्न : आमच्या गाडीला रॅक बसत नाही.

मग टपाचा नाद सोडा. वीस लिटरचा, बाहेरून काळा रंगवलेला कॅन दुपारी उन्हात, गाडीच्या बॉनेटवर नव्हे तर जमिनीवर गडद कापडावर ठेवा. त्यात १२ व्होल्टचा बुडता पंप सोडा आणि १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने गाडीच्या सॉकेटला जोडा. पंप साधारण तीन ते पाच अँपियर घेतो, म्हणून वायरीत सॉकेटजवळच ७.५ अँपियरचा फ्यूज घाला. कोरडा चालला, तर पंप मिनिटांत जळतो. बटण हाताशी ठेवा आणि कॅनच्या बाहेरून पाण्याची पातळी दिसेल अशी एक उभी पट्टी रंगवायची सोडा.